आळंदी रस्त्यानं पेरण्यापर्यंत : एका दिवसाची फेरी

आमची विश्रांतवाडी आळंदी रस्त्यावर आहे. ज्येष्ठात ज्ञानोबाची पालखी आळंदीहून निघते, दिघी, कळस करत आमच्या चौकातून पुण्याकडं जाते. पालखी इथं घडीभर टेकायची म्हणून गावाला विश्रांतवाडी नाव पडलं असं लोक सांगतात. कागदोपत्री काय असेल ते असो, तोंडोतोंडी ही गोष्ट पक्की बसलेली आहे. आता याच चौकाला मुकुंदराव आंबेडकरांचं नाव आहे. मुकुंदराव म्हणजे बाबासाहेबांचे पुतणे, आनंदरावांचे चिरंजीव. एकाच रस्त्यावर संताची पालखी आणि बाबासाहेबांच्या घराण्याचं नाव. आमची पोरं रोज तिथून जातात-येतात. पण कुणी थांबून विचारत नाही, की हा रस्ता आपल्याला कुठं नेतो?

मीही विचारत नव्हतो. पंचवीस वर्षं दर १ जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्यायला जात होतो. वस्तीतली पोरं टेंपोत भरायची, निळे झेंडे लावायचे, घोषणा द्यायच्या, हार घालायचा, वडापाव खायचा आणि परत. शिवाय मी भाषण करायचो. भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं : “पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले!” टाळ्या पडायच्या. मलाही छाती फुगल्यासारखं व्हायचं.

मग एका वर्षी परत येताना नगर रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेत होतो. एक कॉलेजचा पोरगा शेजारी उभा होता. आपल्यातला नव्हता, पण बोलायला वाईट नव्हता. त्यानं सरळ विचारलं, “काका, पाचशेच्या पाचशे महारच होते का? दगडावर नावं आहेत ना? किती आहेत तुमची?” माझ्याबरोबर वस्तीतली सात-आठ पोरं होती. सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मला उत्तर आलं नाही. पंचवीस वर्षं मी त्या दगडाला हार घातला होता, पण दगड वाचला नव्हता!

त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी ठरवलं, की आपला मुलूख एकदा हार न घेता फिरायचा. वही घेऊन फिरायचा. पोरांना म्हटलं, चला. सहा जण आले. आमची आज्जी ऐंशीच्या पुढची, ती पण हट्टानं टेंपोत बसली. त्या एका दिवसाची ही हकिकत आहे. तुम्ही तुमच्या तालुक्यात अशीच फेरी काढावी म्हणून लिहितो.

आळंदी : चालणारी भिंत आणि पडलेली भिंत

सकाळी पहिल्यांदा आळंदी गाठली. इंद्रायणीच्या काठी ज्ञानेश्वरांची समाधी, साल १२९६. तिथं ती प्रसिद्ध भिंत दाखवतात. चांगदेव वाघावर बसून भेटायला आला, तेव्हा ही चार भावंडं भिंतीवर बसली होती, ती भिंतच चालायला लागली, अशी गोष्ट. पोरं हसायला लागली. म्हटलं, हसू नका, नीट ऐका. गोष्टीच्या आत काय आहे ते बघा. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची पोरं म्हणून या भावंडांना धर्माच्या ठेकेदारांनी वाळीत टाकलं होतं. शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंत पायपीट करायला लावली. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण मग मी त्यांना दुसऱ्या भिंतीची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला महार धरून आणले होते, त्यांत चोखोबा होता. साल १३३८. भिंत कोसळली आणि सगळे गाडले गेले. नामदेव हाडं शोधायला गेला. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोख्याची, असं म्हणून त्यानं ती उचलली आणि पंढरपूरच्या महाद्वारापुढं समाधी बांधली. देवळाच्या बाहेर. मेल्यावरही बाहेरच!

एक भिंत चालली म्हणतात, दुसरी भिंत पडली. चालली ती चमत्कार म्हणून मिरवतात. पडली ती वेठबिगारीची होती हे कोण सांगतो? त्या ढिगाऱ्याखाली चोखोबाबरोबर मेलेल्या बाकीच्यांची नावंसुद्धा कुणी ठेवली नाहीत. त्यांच्या हाडांतून काय ऐकू येत होतं, हे कुणी विचारलं नाही.

आणि वारीत सगळे समान असं जे सांगतात, त्यांना इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’ हा लेख वाचायला द्या. बाई स्वतः वारीबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांची जेवणं वेगळी होत होती हे त्यांनी डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं. अभंग एक आणि चुली दोन. जिथं या दोघांत एवढं अंतर, तिथं आपली जागा कुठं असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

तुळापूर : हत्तीचं वजन आणि राजाची बदनामी

आळंदीहून मरकळवरून तुळापूर. इथं भीमा आणि इंद्रायणीचा संगम आहे. संगमेश्वराचं देऊळ आहे. गावाचं आधीचं नाव वेगळं होतं. आदिलशाहीतला सरदार मुरार जगदेव यानं इथं हत्तीची तुला केली म्हणून तुळापूर, अशी आख्यायिका. हत्ती तराजूत कसा घालणार? तर म्हणे हत्ती नावेत चढवला, नाव पाण्यात किती बुडाली तिथं खूण केली. मग हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड भरले आणि ते दगड तोलून तेवढं दान केलं. डोकं चांगलं चाललं म्हणायचं!

आज्जी टेंपोतूनच म्हणाली, “आरं पन ते दगूड कुनी उचललं?”

पोरं गप्प झाली. मीही झालो. दान कुणी केलं त्याचं नाव राहिलं, दान घेतलेल्यांचं पोट भरलं. दगड उचलणाऱ्याचं नाव गोष्टीत नाही. मित्रांनो, कुठलीही आख्यायिका ऐकली की आज्जीचा हा प्रश्न आधी विचारत जा.

याच तुळापुरात दुसरी, रक्ताची खूण आहे. संगमेश्वरला फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीमहाराज पकडले गेले. औरंगजेबानं त्यांचे हाल केले आणि ११ मार्च १६८९ ला भीमेच्या या काठावर त्यांना आणि कवी कलशाला मारलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर काय झालं ते ऐका. मल्हार रामराव चिटणीस यानं बखर लिहिली, ती संभाजीच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी. त्याचा पूर्वज बाळाजी आवजी याला संभाजीमहाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. म्हणजे ज्याच्या घराण्याचा राग, त्याच्याच हातात लेखणी! मग व्यसनी, बेफाम, बदफैली राजा असं चित्र नाटकांत, कादंबऱ्यांत, शाळेच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद धुंडाळून १९६० मध्ये मोठं चरित्र छापलं, तेव्हा कुठं ती धूळ झडायला लागली.

छत्रपतीची ही गत, तर मग महारामांगांबद्दल बखरीत काय लिहिलं असेल? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. म्हणून पोरांना सांगितलं, वहीत लिहून घ्या : कागदसुद्धा खोटं बोलतो. लिहिणारा कोण, कुणाचं मीठ खातो, घटना झाल्यावर किती वर्षांनी लिहितो, हे तीन सवाल टाकल्याशिवाय कागद खिशात घालायचा नाही.

वढू : गोविंद गोपाळ

तुळापूरहून फुलगाव, लोणीकंद करून नगर रस्त्याला लागलो. भीमेचा पूल ओलांडून कोरेगाव भीमा आणि डावीकडं आत वढू बुद्रुक. इथं संभाजीमहाराजांची समाधी आहे आणि जवळच गोविंद गोपाळ महाराची.

आपल्या लोकांत चालत आलेली गोष्ट अशी : औरंगजेबाच्या धाकानं महाराजांच्या देहाला हात लावायला कुणी पुढं येईना. तेव्हा वढूच्या गोविंद गोपाळानं तुकडे गोळा केले, शिवले आणि महारवाड्याच्या जागेत अग्नी दिला. गावातल्या शिवले घराण्याचीही अशीच परंपरा आहे. अंत्यविधी आमच्या पूर्वजांनी केला असं ते सांगतात. या दोन गोष्टींवरून गावात किती ताण आला ते साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं. २९ डिसेंबर २०१७ ला गोविंद गोपाळाच्या समाधीजवळच्या फलकाची मोडतोड झाली. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून लाखोंनी लोक आले असताना दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. दोन समाध्यांमधलं अंतर काही पावलांचं. पण ती पावलं ओलांडायला तीनशे वर्षं पुरली नाहीत!

आमच्यातला एक पोरगा तापला. म्हणाला, “दादा, सांगा ना, खरं काय? आपलाच ना तो?”

मी म्हटलं, हे बघ. १६८९ सालचा, डोळ्यांनी बघून लिहिलेला, हे भांडण मिटवणारा कागद माझ्या हातात नाही. ही तोंडची परंपरा आहे. पण तोंडची परंपरा म्हणजे फुकटची नसते. गावगाड्यात मेलेलं जनावर ओढणं, मौतीची बातमी परगावी पोचवणं, सरणाची लाकडं पुरवणं ही कामं कुणाच्या गळ्यात होती? महाराच्या. ज्या देहाला सगळं गाव भ्यालं, तो देह उचलायला गावकुसाबाहेरचा माणूस पुढं आला, हे गोष्टीचं म्हणणं गावगाड्याच्या रीतीला धरून आहे. हे म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पण शिवल्यांच्या पूर्वजाला खोटा ठरवल्याशिवाय आपला पूर्वज खरा होत नाही, असं कुठंय? राजाचा देह उचलायला दोन घरचे हात लागले असतील, तर त्यात कुणाची मान खाली जाते? मान खाली जाते ती फलक मोडणाऱ्याची.

आज्जी समाधीजवळ बसली. पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, “आमी लहानपनापास्नं ऐकतोय. कुनी पाटी लावली न्हवती तवाबी ऐकत हुतो.” एवढंच. मी ते वहीत लिहून घेतलं. तिच्यानंतर ते कोण सांगणार?

पेरणे : दगड काय सांगतो

परत पूल ओलांडून अलीकडं आलो. इथं पहिली दुरुस्ती करून घ्या. आपण कोरेगावचा स्तंभ म्हणतो, पण स्तंभ आहे पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. कोरेगाव नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात. लढाई झाली ती कोरेगावात.

आता लढाई. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण १७ नोव्हेंबर १८१७ ला लागलं होतं. दुसरा बाजीराव पळापळ करत होता आणि पुण्याकडं परत वळला. पुण्यातल्या इंग्रज फौजेला कुमक म्हणून कॅप्टन स्टॉन्टन ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, सुमारे पाचशे शिपाई. शिवाय अडीच-तीनशे घोडेस्वार, मद्रास तोफखान्याचे दोन डझन गोलंदाज आणि दोन तोफा. एकूण आठशेच्या वर. समोर पेशव्याची फौज अठ्ठावीस हजारांच्या घरात सांगतात. पण ती सगळी गावात घुसली नव्हती. अरब, गोसावी वगैरे पायदळाच्या सहा-सहाशेच्या तीन तुकड्या गावावर चालून आल्या. बाजीराव फुलगावच्या बाजूनं लांबून बघत होता.

दिवसभर गल्लीबोळांतून लढाई चालली. एक तोफ अरबांनी घेतली, ती परत मिळवली. रात्रभर चालून आलेल्या शिपायांना खायला नाही आणि नदी हाकेवर असून दिवसभर प्यायला पाणी नाही. रात्री हल्ला थांबला तेव्हा कुठं पाण्यापर्यंत जाता आलं. जनरल स्मिथची फौज येतेय या बातमीनं पेशवा निघून गेला आणि स्टॉन्टनही दुसऱ्या रात्री शिरूरला परतला. कंपनीकडची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसं २७५. पेशव्याकडची मेलेली आणि जखमी पाच-सहाशे. बाजीरावानं पुढं ३ जून १८१८ ला शरणागती पत्करली. म्हणजे पेशवाई एका दिवसात कोरेगावात बुडाली असंही नाही. पण एवढी मोठी फौज एक लहान तुकडी मोडू शकली नाही, हे शंभर टक्के खरं.

स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ ला घातला. इंग्रजी आणि मराठी लेख कोरले. आता मी नावं मोजली. बोटानं एक एक. पडलेल्या शिपायांची नावं ४९. त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली २२. गणनाक बाळनाक. रूपनाक लखनाक. भागनाक हरनाक. बाकी मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहेत. स्तंभाची देखभाल कंपनीनं १८२४ मध्ये दिली ती खंडोजी बिन गजोजी या लढाईत जखमी झालेल्या मराठा जमादाराकडं.

पोरगा पुन्हा तापला. “म्हणजे आपण इतकी वर्षं खोटं बोललो? दादा, तुम्ही आपल्याच माणसांचे पाय ओढताय!”

मी म्हटलं, नाही. आपण खरं अर्धंच बोललो. ४९ मध्ये २२ म्हणजे कुठल्याही एका जातीपेक्षा जास्त. आणि ही पडलेल्यांची यादी आहे, लढलेल्यांची नव्हे. ज्या काळात आपल्याला गावात “ए म्हारा” यापलीकडं नाव नव्हतं, त्या काळात बापाच्या नावासकट आपलं नाव दगडावर कोरलं गेलं. हे काय कमी आहे? याच्यावर आणखी मुलामा कशाला? खोट्या आकड्याचा तोटा हा, की टपरीवरचा एक पोरगा तो एका प्रश्नात पाडतो आणि त्याच्याबरोबर खरे बावीसही पडल्यासारखे दिसतात.

कुणी विचारील, पेशवाईत जुलूम होता याला पुरावा काय? मडकं आणि फडा सगळे सांगतात, बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये ते लिहिलं. पण त्याच्या आधीचा एक कागद आहे. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मांगाची मुलगी. तिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून त्याचा चेंडू करत, असं ती लिहिते. पेशवाई जाऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती. तिच्या घरात ते दिवस बघितलेले म्हातारे असणार. हा कागद कुणी लिहिला, कुणाचं मीठ खाऊन? मारल्या गेलेल्यांच्याच घरातल्या पोरीनं. हा कागद पाठ करा!

आता दुसरी बाजूही पाठ करा. हा स्तंभ कंपनीनं आपल्या मुक्तीसाठी नाही, स्वतःच्या विजयासाठी उभारला. काम झाल्यावर त्याच सरकारनं १८९० च्या दशकात लढवय्या जातींचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याला अर्ज केला. या दगडाकडं आपल्या लोकांचं लक्ष त्यांनीच वेधलं, आमचे पूर्वज इथं पडले, आम्ही लढवय्ये नाही असं कोण म्हणतो, हे विचारण्यासाठी. म्हणजे हा दगड आपण इंग्रजाच्या पाया पडायला नाही, इंग्रजाला जाब विचारायला वापरला.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब इथं आले. अडीच महिन्यांनी, २० मार्चला, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आणि १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत इंग्रजांच्या तोंडावर विचारलं, की तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हतं, आता आहे का? देवळात प्रवेश नव्हता, आता आहे का? फौजेत जागा नव्हती, आता आहे का? जो माणूस या दगडापुढं उभा राहिला तोच हे विचारू शकला. दोन्ही मिळून बाबासाहेब. नुसता हार घातला तर अर्धेच बाबासाहेब हाती लागतात.

परतीची वाट : बावन्न हक्क

अंधार पडायला लागला. वाघोलीपाशी टेंपो गर्दीत अडकला, तेव्हा आज्जीनं अमृतनाकाची गोष्ट काढली. बेदरच्या पातशहाची राणी पळवली गेली. अमृतनाकानं जाताना पातशहाकडं एक डबी ठेवायला दिली आणि राणी सोडवून आणली. पातशहाला संशय आला, तेव्हा डबी उघडायला लावली. त्यानं निघायच्या आधीच आपलं पुरुषपण कापून डबीत ठेवलं होतं! बादशहा खूश झाला, माग म्हणाला. अमृतनाकानं जातीसाठी बावन्न हक्क मागितले.

पोरांना गोष्ट आवडली. म्हटलं, आवडणारच. पण ते हक्क कोणते? मेलेलं ढोर, त्याचं कातडं, प्रेतावरचं कापड, दारोदारची भाकर. आपल्या बापजाद्यांना ही गोष्ट अभिमानाची वाटली आणि त्या अभिमानानंच त्यांना गावाच्या दाराशी बांधून ठेवलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल आणलं, तेव्हा आपल्यातलीच माणसं वतन सोडायला तयार नव्हती. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर.

आज्जी म्हणाली, “माझा बाप काठी घिऊन मरेस्तोवर राबला. हक्क म्हनायचा त्याला.”

येरवड्यात शिरलो. तुरुंगाच्या भिंतीजवळून रस्ता जातो. आजच्या दिवसातली ही तिसरी भिंत. १६ ऑगस्ट १९३२ ला जातीय निवाडा आला, आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला गांधींनी याच भिंतीआड उपोषण सुरू केलं, २४ ला पुणे करार झाला. ७१ च्या जागी १४८ राखीव जागा आल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. विश्रांतवाडीतून रोज हजारो माणसं या भिंतीवरून कामाला जातात. आपल्या मताचा सौदा हिच्या आत झाला, हे किती जणांना ठाऊक आहे?

मित्रांनो, सांगायचं एवढंच. येत्या १ जानेवारीला जरूर जा, हार घाला, घोषणा द्या. पण आधी नावं मोजा. आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. दगड, कागद आणि तोंड या तिघांनाही तोच सवाल टाका : दगूड कुणी उचलला?

तो तापलेला पोरगा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. चौकात उतरला, जयभीमसुद्धा न करता गेला. चार दिवसांनी वही मागायला आला. बावीस नावं उतरवून घेतली. भाषण कसं करणार ते मात्र अजून त्यानं सांगितलेलं नाही. या वर्षी माझ्याऐवजी तोच बोलणार आहे.

जयभीम.